वाटेतला दगड कोणाचा?

व्हिएन्नाचा एक तरुण, कायद्याचं शिक्षण घेतलेला, उन्हाळ्याच्या सुट्टीत एका गावी राहत असताना रस्त्याने चालला होता. पायाला दगड लागला. त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती मुलगी त्याच दिवशी तिथून निघणार होती आणि काही तासांनी तिची घोडागाडी याच रस्त्याने जाणार होती. चाक या दगडावर आदळलं, गाडीला अपघात झाला तर? त्याने दगड उचलून कडेला ठेवला. दोन-चार मिनिटं गेली. हा काय वेडेपणा, असं मनात आलं. मग त्याला मागे फिरून तोच दगड पुन्हा होता तिथे, रस्त्याच्या मधोमध, आणून ठेवावा लागला.

'ठेवावासा वाटला' नव्हे, 'ठेवावा लागला'. या दोन मराठी क्रियापदांत जेवढं अंतर आहे, तेवढ्यात हा सगळा आजार मावतो.

हा तरुण म्हणजे अर्न्स्ट लांझर. ऑक्टोबर १९०७ मध्ये तो सिग्मंड फ्रॉइडकडे उपचारांसाठी गेला आणि १९०९ मध्ये फ्रॉइडने त्याची केस प्रसिद्ध केली. सैन्यातल्या एका कॅप्टनने सांगितलेली, उंदरांकरवी केलेल्या छळाची गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना, म्हणून पुस्तकांमध्ये तो 'रॅट मॅन' म्हणून ओळखला जातो. उंदरांपुढे दगडाची हकिकत मागे पडली. फ्रॉइडने तिचा अर्थ असा लावला: दगड उचलण्यात प्रेम होतं, आणि तो परत ठेवण्यात शहाणपणाचा आव आणलेला राग होता, त्या मुलीबद्दल त्याच्या मनात दोन्ही होतं.

असेलही. मला मात्र या हकिकतीत दुसरंच काही दिसतं. दगड पायाला लागेपर्यंत त्या गाडीची काळजी गाडीवानाची होती, घोड्याची होती, रस्ता राखणाऱ्यांची होती, नशिबाची होती. पाय ठेचकाळला त्या क्षणी ती सगळी काळजी एकट्या लांझरची झाली. दगड दिसला, म्हणजे दगड त्याचा झाला. आता तो उचलला तरी त्याचंच कृत्य, आणि नाही उचलला तरी त्याचंच.

ओसीडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हात धुणारा माणूस येतो. 'मला जरा ओसीडीच आहे बाई' हे वाक्य तर नीट लावलेल्या कपाटाच्या कौतुकात ऐकू येतं. पण या आजाराच्या जुन्या नोंदी वाचत गेलं, की स्वच्छतेपेक्षा जबाबदारी जास्त वेळा भेटते. माझ्यामुळे कोणाचं तरी वाईट होईल, आणि ते टाळणं फक्त माझ्याच हातात होतं, ही ती जबाबदारी. मी हा इतिहास वाचायला लागले त्याला कारण आहे. माझ्या अगदी जवळच्या एका माणसाला हा आजार आहे, आणि 'गॅस बंद केलाय ना? नक्की?' हे ज्यांना विचारलं जातं त्यांच्यापैकी मी एक आहे. त्यामुळे आजारी माणसाला काय होतं याच्या इतकीच मला शेजारच्या माणसाची उत्सुकता होती. त्याने काय उत्तर दिलं? आणि त्या उत्तराचं पुढे काय झालं?

बुटातला खडा

लॅटिनमध्ये 'स्क्रुप्युलस' म्हणजे टोकदार बारीक खडा. बुटात गेला तर दिसत नाही, पण पाऊल टाकू देत नाही. इंग्रजीतला 'स्क्रुपल' हा शब्द त्यावरून आला. युरोपातल्या ख्रिस्ती धर्मशास्त्राने पापाच्या नको तितक्या शंकेला हेच नाव दिलं. मानसोपचार नावाची गोष्ट अस्तित्वात येण्याच्या कित्येक शतकं आधी या खड्यावर ग्रंथ लिहिले जात होते.

त्यातला सगळ्यात जिवंत दस्तऐवज इग्नेशियस लोयोलाचा. जेझुइट पंथाचा हा संस्थापक. त्याचा सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, त्यामुळे हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. इग्नेशियस मूळचा सैनिक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडल्या पडल्या मन पालटलं. १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात त्याने आयुष्यभराच्या पापांची लेखी कबुली दिली. तिला तीन दिवस लागले. तिथून तो मान्रेसा या गावी गेला, आणि खडा टोचायला लागला. काही सांगायचं राहिलं तर नाही? सांगितलं ते नीट सांगितलं का? तो पुन्हा पुन्हा कबुली द्यायचा आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच अस्वस्थतेने परतायचा. दिवसाचे सात तास प्रार्थना, आठवडाभर उपास, जीव द्यावा असे विचार, हे सगळं त्याने पुढे आपल्या आत्मकथनात सांगितलं आहे.

त्यातला एक प्रसंग मला कोणत्याही आधुनिक केस स्टडीइतका नेमका वाटतो. त्याच्या कबुली ऐकणाऱ्या पाद्रीने त्याला आज्ञा दिली: मागचं काही आता सांगायचं नाही, एखादी गोष्ट अगदीच स्पष्ट असेल, तरच सांग. आज्ञा योग्य होती, हेतू चांगला होता. पण इग्नेशियसला सगळ्याच गोष्टी अगदी स्पष्ट वाटत होत्या! त्यामुळे त्या आज्ञेचा काडीचा उपयोग झाला नाही. पाद्रीने एक फट ठेवली होती, आणि या आजाराला एक फट पुरते. शेवटी इग्नेशियसने स्वतःच ठरवलं, की मागच्या पापांची कबुली आता द्यायचीच नाही. सुटका तिथे झाली.

१५४८ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या अध्यात्मसाधनेच्या पुस्तिकेत या खड्यावर वेगळी टिपणं आहेत. उदाहरण गवताच्या काड्यांचं आहे. रस्त्यात दोन काड्या एकमेकींवर आडव्या पडून क्रूस झालेला आहे आणि माझा त्यावर चुकून पाय पडला. 'हे पाप झालं' असं मी ठामपणे मानलं, तर ती माझी समजुतीतली गल्लत. पण नंतर मनात येतं की पाप झालं असावं, आणि त्याच वेळी वाटतं की झालेलं नाही, आणि तरी मन शांत होत नाही. हा खरा खडा. श्रद्धा आणि शंका यांच्यातली सीमारेषा त्याने ओळखली होती. आजारी माणसाला खात्री नसते. त्याला शक्यता छळते.

इंग्लंडात जॉन बन्यन तुरुंगात असताना १६६६ मध्ये त्याचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. त्यात काड्यांवर पाऊलही पडत नाही, नुसता विचार येतो. 'ख्रिस्ताला विकून टाक' असे शब्द त्याच्या मनात दिवसरात्र येत राहिले आणि तो तितक्याच वेळा 'नाही, विकणार नाही' म्हणत राहिला. एका सकाळी दमून त्याच्या मनात आलं, जायचं तर जाऊ दे त्याला. बस. पुढे कितीतरी काळ तो स्वतःला विश्वासघातकी समजत होता. विचार आला म्हणजे कृत्य झालं, हे समीकरण विसाव्या शतकाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञांनी नाव देऊन मोजायला घेतलं. बन्यनने त्याची किंमत आधीच मोजली होती.

बन्यनजवळ पाद्री नव्हता. प्रोटेस्टंट माणूस देवासमोर एकटा. कॅथलिकांनी मात्र या एकटेपणावर एक व्यवस्था बसवली. अठराव्या शतकातला इटालियन संत आल्फोन्सस लिगोरी स्वतः या खड्याने हैराण होता. त्याची शिकवण अशी: अशा माणसाने एकाच पाद्रीचं ऐकावं आणि डोळे मिटून ऐकावं. आज्ञा पाळताना चूक झालीच, तर देवाला जाब पाद्री देईल. म्हणजे ओझं उतरवण्यासाठी एक अधिकृत खांदा नेमला गेला. पिढ्यानपिढ्या माणसं त्या खांद्यावर तगली असतील. पण खांदा उसना होता, हेही तितकंच खरं.

मंत्रचळ

आपल्याकडे या आजाराला जो जुना मराठी शब्द वापरला जातो, तो आहे 'मंत्रचळ'. मंत्र म्हणताना चूक झाली, की म्हणणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम होतो, अशी समजूत या शब्दामागे आहे. पुढे तोच शब्द पुन्हा पुन्हा तेच करत बसणाऱ्या माणसासाठी रुळला. 'काय मंत्रचळ लागलाय का?' हे शंभरदा कुलूप ओढून बघणाऱ्याला ऐकावं लागतं.

या शब्दाच्या पोटात केवढी मोठी जबाबदारी आहे! मंत्रातल्या एका स्वराने काय होऊ शकतं, याची गोष्ट वैदिक साहित्यात आहे आणि पतंजलीने महाभाष्यात तिचा दाखला दिला आहे. त्वष्ट्याने इंद्राचा सूड घ्यायला यज्ञ मांडला. त्यातून जन्मणारा वृत्र हा 'इंद्रशत्रू' व्हावा, म्हणजे इंद्राला मारणारा. पण उच्चारताना स्वराघात चुकला, समासाचा अर्थ उलटला आणि 'इंद्र ज्याला मारील तो' असं झालं. वृत्र मेला. शब्द तेच, हेतू तोच. आघात इकडचा तिकडे झाला आणि पोटचं गेलं.

व्याकरण का शिकावं, हे पटवायला पतंजलीला ही गोष्ट उपयोगी होती. पण ती एखाद्या हळव्या मनात शिरली, तर काय होईल, याची कल्पना करता येते. परंपरेलाही ती करता आली असावी. कारण आपल्याकडे पूजेच्या शेवटी क्षमा मागायचा विधी आहेच. मंत्रात, कृतीत, भक्तीत जे काही कमी पडलं असेल ते पूर्ण मानून घे, असं देवाला सांगायचं आणि उठायचं. पूजा निर्दोष झाली की नाही, हे तपासत बसायचं नाही. जैनांची पर्युषणाअखेरची क्षमायाचनाही कळत-नकळत झालेल्या सगळ्याच अपराधांना एकदम कवेत घेते. जो विधी जबाबदारी लादतो, तोच ती उतरवायची जागाही देतो.

म्हणून सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या माणसाला सरसकट मंत्रचळी ठरवणं मला पटत नाही. १९०७ मध्येच फ्रॉइडने धार्मिक आचार आणि आजारातली कृत्यं यांची तुलना करणारा निबंध लिहिला, आणि फरक सांगताना म्हटलं की धर्माचा आचार चारचौघांचा असतो, आजाऱ्याचा त्याच्या एकट्याचा. मी त्यात भर घालेन: आचाराला शेवट असतो. आरती झाली, प्रसाद वाटला, संपलं. आजारी माणसाची पूजा संपत नाही, कारण 'पूर्ण मानून घेणारं' पलीकडे कोणी उरलेलं नसतं. ते कामही त्याच्याच अंगावर येतं.

आत्याच्या घरून निघताना

हा आजार पाद्रीकडून डॉक्टरकडे गेला तो एकोणिसाव्या शतकात, फ्रान्समध्ये. १८३८ मध्ये झां एतिएन एस्किरॉल या डॉक्टरच्या मोठ्या ग्रंथात 'मादमोझेल एफ.' ही चौतीस वर्षांची बाई भेटते. व्यापारी वातावरणात वाढलेली. आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान होईल, ही भीती तिला लहानपणापासून. अठरा वर्षांची असताना एकदा ती आत्याच्या घरून निघाली आणि तिच्या मनात आलं, आपल्या ॲप्रनच्या खिशातून आत्याची एखादी वस्तू नकळत आपल्याबरोबर येईल तर? पुढे हिशेब लिहिताना आकडा चुकून गिऱ्हाईकाचं नुकसान होईल, ही धास्ती. मग पैशाला हात लावला की बोटांना काहीतरी मोलाचं चिकटून राहील, ही धास्ती. मग हात चोळणं, झटकणं, धुणं.

हात धुणाऱ्या माणसाचं हे मानसोपचाराच्या इतिहासातलं अगदी सुरुवातीचं चित्र, आणि त्यात घाणीची भीती जवळपास नाहीच! ती हात धुते ते चोरी लागू नये म्हणून. आपली काळजी हास्यास्पद आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. एस्किरॉलला कोडं पडलं ते हेच, की बुद्धी शाबूत असलेला माणूस इतका अगतिक कसा?

पुढच्या डॉक्टरांनी कोड्याचा हाच अर्धा भाग उचलला. १८७५ मध्ये लग्रां द्यु सोल याने 'संशयाचं वेड' या नावाने पुस्तक लिहिलं. १८७७ मध्ये बर्लिनच्या कार्ल वेस्टफालने व्याख्या केली: बुद्धी शाबूत असताना, इच्छेविरुद्ध जाणिवेत घुसणाऱ्या आणि भावनेतून न उपजलेल्या कल्पना. ही व्याख्या मोलाची होती; तिने हा आजार वेडाच्या मोठ्या गाठोड्यातून बाहेर काढला. पण 'भावनेतून न उपजलेल्या' म्हटल्याबरोबर मादमोझेल एफ.ची आत्या, तिचं गिऱ्हाईक, तिची सदसद्विवेकबुद्धी हे सगळं बाजूला पडलं. पाद्रीने जबाबदारी स्वतःकडे घेतली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहणंच सोडलं.

फ्रॉइडने ती परत आणली, पण वेगळ्या पत्त्यावर. लांझरच्या मनात वडिलांच्या मृत्यूचा सल होता. आजारी वडिलांजवळून उठून तो तासभर आडवा झाला आणि तेवढ्यात वडील गेले. आपण गुन्हेगार आहोत, असं तो स्वतःला म्हणायचा. यावर आपण काय म्हणू? 'अरे, तुझा काय दोष?' त्याचा एक मित्र हेच म्हणत असे. लांझर बेचैन झाला की त्याच्याकडे जायचा, मी गुन्हेगार आहे का असं विचारायचा, आणि मित्र त्याला त्याच्या निर्दोषपणाची ग्वाही द्यायचा. फ्रॉइडने हे केलं नाही. त्याचं म्हणणं असं, की अपराधाची भावना खरीच आहे. फक्त तिचं कारण दुसरीकडे, तुला माहीत नसलेल्या जागी आहे. ते आपण शोधू.

त्या कारणाच्या शोधावर आज फार कोणी विश्वास ठेवत नाही. पण एक गोष्ट फ्रॉइडला साधली होती: त्याने मित्राची भूमिका नाकारली. त्या मित्राकडे पुन्हा पुन्हा जाणं हाच आजाराचा भाग आहे, हे मात्र त्याने म्हटलं नाही. ते कळायला आणखी पाऊणशे वर्षं जावी लागली.

पाहुणा चार दिवसांचा

१९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मायरने दोन रुग्णांवरच्या उपचारांची हकिकत प्रसिद्ध केली. पद्धत सरळ होती. ज्याची भीती वाटते ते समोर आणायचं आणि नंतरचं धुणं-पुसणं करू द्यायचं नाही. नर्स रुग्णाच्या जागेपणी सतत सोबत असायच्या. एका बाईच्या खोलीतले नळच बंद ठेवले होते. तोवर असाध्य समजल्या गेलेल्या या आजारात पहिल्यांदाच ठोस सुधारणा दिसली. आजही बोलून करायच्या उपचारांचा कणा तोच आहे.

पण त्या नर्स नेमकं काय करत होत्या? रुग्णाला थोपवत होत्याच. पण कदाचित त्याच्या नकळत 'आता जे होईल ते आमच्या अंगावर' असंही म्हणत होत्या. या शंकेला जागा देणारं निरीक्षण स्टॅन्ली रॅकमन आणि रे हॉजसन यांच्या १९८०च्या पुस्तकाच्या सुमारास पुढे आलं. घरी दारं-खिडक्या तासन्‌तास तपासणारे रुग्ण हॉस्पिटलात दाखल झाले, की पहिले काही दिवस तपासणं जवळजवळ थांबतं. वॉर्डचं दार बंद आहे की नाही, ही माझी चिंता नव्हे! मग हळूहळू ते रुळतात, जागा आपली वाटायला लागते, आणि तपासणं परत येतं. पाहुणा चार दिवस निश्चिंत असतो. घरचा झाला की कुलूप त्याचं.

या दरम्यान रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये एक साधा प्रश्न विचारला होता: असे विचार निरोगी माणसांना येतात का? सुमारे ८० टक्के लोकांनी हो म्हटलं. आगगाडीसमोर कोणाला ढकलावं, देवळात अभद्र शब्द उच्चारावा, हातातल्या सुरीने लेकराला इजा करावी, असे नको ते विचार सर्रास येतात, आणि मजकुरावरून ते निरोग्याचे की रुग्णाचे हे ओळखणं सोपं नसतं. फरक विचारात नसेल, तर कशात आहे?

१९८५ मध्ये पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने उत्तर मांडलं. विचार सगळ्यांनाच येतो. आजार तिथे सुरू होतो, जिथे माणूस त्या विचाराचा अर्थ 'आता जे घडेल त्याला मी जबाबदार' असा लावतो. एरवी आपण सगळे करणं आणि न करणं यांत फरक करतो. वाटेत दगड टाकणारा दोषी. दगड न उचलणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. पण अपघाताची कल्पना एकदा मनात येऊन गेली, की न उचलणं हाही निर्णय होतो. ओसीडीच्या माणसाला अशा कल्पना दिवसातून शेकडो वेळा येतात. म्हणजे शेकडो दगड, आणि सगळे त्याचे.

त्यानंतरचे प्रयोग ओळखीचे वाटतील. १९९५ मध्ये रोबेर लादुसर आणि सहकाऱ्यांनी कॅनडात काही निरोगी माणसांना रंगीत कॅप्सूल वेगळ्या करायला बसवलं. काहींना सांगितलं, हा नुसता सराव. बाकीच्यांना सांगितलं, की तुमच्या कामावर औषध घेणाऱ्यांची सुरक्षितता ठरणार आहे. दुसरा गट जास्त अडखळला, जास्त वेळा मागे जाऊन तपासत राहिला. त्याच वर्षी सिंथिया लोपाट्का आणि रॅकमन यांनी रुग्णांवरची जबाबदारी प्रयोगापुरती काढून घेतली, तर तपासण्याची ओढ आणि बेचैनी दोन्ही उतरल्या.

आणि गॅस. २००३ मध्ये मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना संगणकावरच्या खोट्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण चुकीची निघाली नाही. पण ती धूसर झाली आणि तिच्यावरचा भरवसा उडाला. विसाव्यांदा बंद केलेलं बटण एकोणिसाव्यासारखंच दिसतं, त्यामुळे 'आत्ताचं' कोणतं हे मनाला धरता येत नाही. खात्रीसाठी केलेलं तपासणं खात्रीच खातं.

कर्तेपण

जबाबदारीच्या या किल्लीने सगळी कुलपं उघडत नाहीत. कित्येकांना वस्तू 'बरोबर' लागेपर्यंत चैन पडत नाही. तिथे कोणाच्या इजेचा प्रश्नच नसतो. पिएर जाने याने १९०३ मध्येच या अपुरेपणाच्या भावनेवर बोट ठेवलं होतं. जबाबदारीची वाढीव जाणीव नैराश्यात आणि इतर चिंताविकारांतही आढळते. मेंदूचा, अनुवंशाचा वाटा आहे, आणि औषधं अनेकांना खरोखर उतार देतात. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याला हा लेख पर्याय नाही.

तरी ही किल्ली मला जपून ठेवावीशी वाटते, कारण तिने या माणसांकडे पाहण्याची नजर बदलते. बाळंतपणानंतर सुरीला हात न लावणारी, बाळाला आंघोळ घालायला घाबरणारी आई ही कोणाला सांगत नाही, कारण 'असा विचार आलाच कसा' याचं उत्तर तिच्याजवळ नसतं. इजेचे असे विचार नव्या आईबापांना सर्रास येतात, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. तिला छळतो तो दुष्टपणा नाही, कर्तेपण आहे. 'कर्ता मुलगा', 'कर्ती बाई' हे आपल्याकडे मोठे सन्मानाचे शब्द. घरात सगळ्यांचं कर्तेपण एकाच माणसाने उचललं, की आपण त्याचं कौतुक करतो आणि निवांत झोपतो.

उपचारात एक साधा व्यायाम करतात. कागदावर वर्तुळ काढायचं. जी दुर्घटना मनात घर करून बसली आहे ती खरंच घडली, तर कोणाकोणाचा वाटा असेल ते लिहायचं आणि प्रत्येकाला वर्तुळाचा तुकडा द्यायचा. स्वतःचा तुकडा सगळ्यात शेवटी. उरतो तो सहसा बारीक असतो, पण शून्य नसतो. आणि तो शून्य आहे असं कोणी म्हणत नाही, यातच या व्यायामाचा प्रामाणिकपणा आहे.

आता उरला शेजारचा माणूस. 'हो, बंद केलाय गॅस' हे उत्तर मायेचं असतं. त्याने पाच मिनिटं शांतता मिळते. पण साल्कोव्हस्किसच्या मांडणीत ती आणखी एक तपासणीच आहे, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी केलेली. लांझरच्या मित्राने ती केली, आणि लांझर पुन्हा पुन्हा येत राहिला. म्हणून आज उपचार करणारे घरच्यांनाही सोबत बसवतात. परस्पर, रागाच्या भरात उत्तर देणं बंद करायचं नाही. तो नुसता छळ होतो. माणूस बरा असताना त्याच्याशीच बोलून ठरवायचं, की या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, आणि का देणार नाही. मग वेळ आली की म्हणायचं, 'आपलं ठरलंय ना. तुला भीती वाटतेय हे कळतंय मला. मी इथेच आहे.' भीतीला सोबत द्यायची, प्रश्नाला नाही.

हे म्हणायला सोपं नाही. रात्री अकरा वाजता, समोरचा माणूस रडवेला असताना, 'हो, बंद आहे' हे शब्द जिभेवर तयार असतात. आमच्या घरी हे ठरलं आहे. काही रात्री निभावतं, काही रात्री जड जातं. अशा वेळी मला मान्रेसाचा तो पाद्री आठवतो. त्याने मनापासून मदत केली, फक्त 'अगदीच स्पष्ट असेल तर' एवढे शब्द जास्त बोलला. आमच्या ठरावात तसे शब्द नाहीत.